पोटॅशियम भरूनही टिकत नाही तेव्हा: केमोथेरपी, मॅग्नेशियम आणि हृदयाचे ठोके

तुमच्या पत्रातील माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुमच्या वडिलांचे वय 61 आहे. गालाच्या आतील बाजूच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर त्यांना रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘शेक’ म्हणतात ते, चालू आहे आणि त्याच्या जोडीने दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध दिले जाते. चौथ्या डोसनंतर उलट्या आणि अशक्तपणा वाढला, पोटॅशियम 2.9, म्हणजे कमी, निघाले, म्हणून पोटॅशियमचे सिरप आणि रोज दोन शहाळ्यांचे पाणी सुरू झाले. पाच दिवसांनी पुन्हा तपासले तर ते 3.0 होते. ईसीजीच्या कागदावर मशीनने क्यूटीसी (हृदयाच्या ठोक्यातले एक अंतर, ते पुढे समजावतो) 542 असे छापले आणि पाचवा डोस थांबवण्यात आला. पोटॅशियम का चढत नाही, केमोमुळे हृदय खराब झाले आहे का, आणि आता केमो बंदच करावी का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

कर्करोगाच्या रुग्णांचे औषधोपचार पाहता पाहता मला वीसेक वर्षे झाली. तुम्ही पाठवलेले सगळे कागद मी दोनदा वाचले आणि त्यांत मला जो आकडा हवा होता तो कुठेच सापडला नाही, तो म्हणजे मॅग्नेशियमचा. यात तुमची काहीच चूक नाही. आपल्याकडे ‘सिरम इलेक्ट्रोलाइट्स’ असे लिहून रक्त पाठवले की बहुतेक प्रयोगशाळांतून सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराईड एवढेच तीन आकडे परत येतात; मॅग्नेशियम हवे असेल तर ते वेगळे लिहून मागावे लागते. सिस्प्लॅटिन घेणाऱ्या रुग्णाचे पोटॅशियम भरूनही टिकत नसेल तर माझा पहिला संशय नेहमी मॅग्नेशियमवरच जातो, आणि तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचे बरेचसे उत्तर तिथेच आहे असे माझे मत आहे.

सिस्प्लॅटिन शरीराबाहेर पडते ते मुख्यतः मूत्रपिंडातून, आणि जाता जाता ते तेथील सूक्ष्म नलिकांच्या पेशींत साठते. गाळले गेलेले मॅग्नेशियम लघवीत वाया जाऊ न देता रक्तात परत ओढून घेणे हे या नलिकांचे एक मोठे काम आहे. त्या पेशींना इजा झाली की मॅग्नेशियम लघवीवाटे झिरपत राहते. 1970 च्या दशकात भरपूर सलाईनसोबत हे औषध देण्याची पद्धत रुळली, तेव्हा कुठे ते मूत्रपिंडाला झेपू लागले. परंतु सलाईनमुळे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसे गाळते ते दाखवणारा रक्तातला आकडा, सांभाळले गेले तरी मॅग्नेशियमची गळती थांबतेच असे नाही. म्हणूनच क्रिएटिनिन 1.1 पाहून ‘किडनी नॉर्मल आहे’ असे जे तुम्हाला सांगितले गेले, ते गाळण्याच्या कामापुरते खरे आहे. वाचवून ठेवण्याच्या कामाबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. ही गळती डोसागणिक वाढत जाते, त्यामुळे पहिल्या दोन डोसांना सारे सुरळीत असणे आणि चौथ्याला घसरण दिसणे हे नेहमीचेच आहे.

आता पोटॅशियमकडे येऊ. मूत्रपिंडाच्या नलिकेच्या शेवटच्या भागात पोटॅशियम लघवीत सोडणारी सूक्ष्म द्वारे असतात आणि पेशीच्या आतले मॅग्नेशियम त्या द्वारांना आतून बुचासारखे अडवून धरते. मॅग्नेशियम कमी झाले की बूच निघते आणि पोटॅशियम वाहू लागते. अशा स्थितीत तुम्ही वरून कितीही सिरप पाजा, ते तळाला भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतण्यासारखे होते. मॅग्नेशियम भरून काढल्यावर तेच सिरप, त्याच मात्रेत, दोन-चार दिवसांत काम करू लागते, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे.

शहाळ्याच्या पाण्याबद्दल तुमच्या आईने आवर्जून विचारले आहे, म्हणून थोडा हिशेब मांडतो. शरीरातले सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते आणि रक्तात दिसते ते उरलेले थोडेसे. त्यामुळे रक्तातला आकडा 4 वरून 3 वर आला तर प्रत्यक्षात शरीरातली तूट साधारण 200 ते 400 मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचे एकक) इतकी मोठी असते. एका मध्यम केळ्यातून सुमारे 10 मिलिइक्विव्हॅलंट मिळते, एका शहाळ्यातून त्याहून काहीसे जास्त, आणि पोटॅशियम क्लोराईडच्या 15 मिलिलिटर सिरपमधून 20. म्हणजे दोन शहाळी निरुपयोगी नाहीत, परंतु गळती चालू असताना ती तूट भरून निघण्याची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवता येत नाही. सिरप पेलाभर पाण्यात मिसळूनच द्यावे. तसेच दिले तर शेकाने सोललेल्या तोंडात आणि रिकाम्या पोटात ते फार झोंबते, आणि मग रुग्ण ‘घेतले’ असे सांगून ते ओतून देतो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी: क्रिएटिनिन वाढू लागले किंवा लघवी कमी झाली, तर हेच सिरप आणि हेच शहाळे धोक्याचे ठरते, कारण जास्त झालेले पोटॅशियमही हृदय बंद पाडू शकते. म्हणून पोटॅशियम आणि क्रिएटिनिन या दोन्ही तपासण्या नेहमी जोडीनेच कराव्यात.

मॅग्नेशियमची गोष्टही अशीच फसवी आहे. शरीरात ते सुमारे 25 ग्रॅम असते, पण रक्तात त्याचा जेमतेम 1 टक्का. बाकी सगळे हाडांत, स्नायूंत आणि इतर पेशींत. रक्तातले प्रमाण साधारण 1.7 ते 2.2 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावे लागते, आणि तो आकडा 1.6 असा काठावर दिसला तरी आतले कोठार बरेच रिकामे झालेले असू शकते. ते भरण्यासाठी गोळ्या असतात, परंतु मात्रा वाढवली की जुलाब होतात, आणि जुलाबांतून मॅग्नेशियम व पोटॅशियम दोन्ही पुन्हा जातात. तीळ, शेंगदाणे, बदाम, नाचणी, राजगिरा यांत मॅग्नेशियम चांगले असते. ज्याला तोंडाने नीट खाता येते त्याने ते जरूर खावे, पण तोंडाला फोड आलेल्या आणि नाकातील नळीतून दूध-पेज घेणाऱ्या माणसाची एवढी तूट आहारातून निघत नाही. त्यामुळे मॅग्नेशियम सल्फेट सलाईनमधून द्यावे लागते आणि तेही सावकाश, काही तासांत. कारण घाईने दिले तर रक्तातले प्रमाण एकदम चढते आणि मूत्रपिंड त्यातला मोठा हिस्सा जास्तीचा समजून लघवीत टाकून देते. ‘एक बाटली लावायला पाच-सहा तास का लागतात’ असे नातेवाईक वैतागून विचारतात, त्याचे कारण हे आहे. पोटॅशियमचेही तसेच: हाताच्या शिरेतून ते साधारणपणे ताशी 10 मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा वेगाने देत नाहीत. तुमच्या वडिलांना हाताची आग होते म्हणून तुम्ही बाटलीचा वेग स्वतः वाढवून ‘लवकर संपवली’ असे लिहिले आहे. कृपया असे पुन्हा कधीही करू नका. आग होत असेल तर सिस्टरांना सांगा, त्या वेग कमी करतील किंवा शीर बदलतील.

यानंतर हृदय. ठोका पडून गेल्यावर पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होताना हृदयाच्या पेशी आपल्यातले पोटॅशियम बाहेर सोडतात आणि विजेचा भार पूर्वपदावर आणतात. या सगळ्याला लागणारा वेळ ईसीजीवर ‘क्यूटी’ या अंतराने मोजतात. रक्तातले पोटॅशियम व मॅग्नेशियम उतरले, किंवा पेशीची ती वाट अडवणारी औषधे चालू असली, की हे अंतर लांबते. पेशी अजून सावरलेली नसतानाच एखादा अवेळी ठोका पडला तर ठोक्यांची वेडीवाकडी, पीळ घातलेल्या सुतळीसारखी दिसणारी मालिका सुरू होऊ शकते. तिला ‘टोर्साद द प्वांत’ असे फ्रेंच नाव आहे. ती काही सेकंदांची असेल तर भोवळ येते, लांबली तर माणूस कोसळतो. तिच्यावरचे पहिले औषधही मॅग्नेशियमच आहे: 2 ग्रॅम शिरेतून, रक्तातला आकडा नॉर्मल असला तरीसुद्धा.

पण 542 हा आकडा पाहून तुमच्या घरात जी रडारड झाली, त्याबद्दल मला काही सांगायचे आहे. ठोके जलद असले की क्यूटी आपोआप आखूड होते, म्हणून मोजलेल्या अंतरात ठोक्यांच्या वेगाप्रमाणे दुरुस्ती करतात आणि तिला क्यूटीसी म्हणतात. यासाठीची दोन सूत्रे, बॅझेटचे आणि फ्रिडेरिशियाचे, दोन्ही 1920 सालची. बहुतेक मशीन बॅझेटचे सूत्र वापरतात आणि ठोके जलद असताना ते सूत्र आकडा फुगवते. तुमच्या वडिलांच्या कागदावर ठोके मिनिटाला 110 आहेत. मी तुम्ही पाठवलेले छायाचित्र मोठे करून बारीक चौकोन मोजले. एक चौकोन 40 मिलिसेकंदांचा, असे दहा चौकोन, म्हणजे क्यूटी 400. बॅझेटच्या सूत्राने त्याचे 542 होतात, फ्रिडेरिशियाच्या सूत्राने 490. कर्करोगाच्या रुग्णांत रक्तक्षय, ताप, शरीरातले पाणी कमी होणे यांमुळे ठोके नेहमीच वाढलेले असतात, त्यामुळे आमच्या विभागात आम्ही फ्रिडेरिशियाचेच सूत्र धरतो. पुरुषांत 450 पर्यंतचे अंतर ठीक समजतात आणि 500 च्या पुढे गेले की धोका स्पष्टपणे वाढतो; म्हणजे 490 हे काळजीचेच आहे, त्यावर आजच उपाय हवा, पण मशीनने छापलेला आकडा जितके घाबरवतो तितकी परिस्थिती नाही.

तुमच्या पत्रातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा कागद मात्र ईसीजीचा नाही. तो औषधांच्या यादीचा आहे. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन दिवसातून तीनदा. ॲसिडिटीसाठी सकाळी रिकाम्या पोटी पॅन्टोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल, तीही शस्त्रक्रियेच्या आधीपासून, म्हणजे चार महिने. तोंडात पांढरी बुरशी आली म्हणून दहा दिवसांपूर्वी फ्लुकोनाझोल. यांतील ऑन्डान्सेट्रॉन, डॉम्पेरिडोन आणि फ्लुकोनाझोल ही तिन्ही औषधे क्यूटी लांबवणारी आहेत. शिवाय फ्लुकोनाझोल यकृतातील डॉम्पेरिडोनची विल्हेवाट मंदावते, त्यामुळे रक्तात डॉम्पेरिडोन अधिक साठते. ही दोन औषधे एकत्र देऊच नयेत. पॅन्टोप्राझोलच्या गटातील गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर आतड्यातून मॅग्नेशियम शोषले जाणे काहींमध्ये कमी होते, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 सालीच तसा इशारा दिला होता. युरोपच्या औषध नियामकाने 2014 मध्ये डॉम्पेरिडोन 10 मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि शक्यतो एक आठवडाच द्यावे असे ठरवले. आपल्याकडच्या या कॅप्सूलमध्ये ते बहुधा 30 मिलिग्रॅम असते आणि लोक वर्षानुवर्षे ती घेत राहतात. यातले प्रत्येक औषध लिहिणाऱ्याने आपल्यापुरते बरोबरच लिहिले असेल: एकाने उलटी पाहिली, दुसऱ्याने जळजळ, तिसऱ्याने बुरशी. तिघांची औषधे एकाच हृदयात एकत्र येतात, हे पाहणारा मात्र कुणीतरी एक असावा लागतो, आणि आमच्या व्यवसायातल्या या त्रुटीचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून आजच तुमच्या डॉक्टरांना हे विचारा: डॉम्पेरिडोन असलेली कॅप्सूल बंद करता येईल का, बुरशीसाठी पोटातून घ्यायच्या गोळीऐवजी तोंडात लावायचे क्लोट्रिमाझोल चालेल का, आणि उलटीसाठी पुढच्या डोसच्या वेळी पॅलोनोसेट्रॉन वापरता येईल का, कारण त्याच गटातले असूनही त्याचा क्यूटीवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. परंतु उलटीचे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. अनावर उलट्यांतून क्षार आणि पाणी जाते ते अधिक घातक. खोकल्यासाठी बाहेर कुणी अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लिहिले, तर घेण्यापूर्वी ईसीजीची गोष्ट आवर्जून सांगा. तोंडाच्या वेदनेसाठी डायक्लोफिनॅकसारखी गोळी परस्पर आणू नका, कारण सिस्प्लॅटिन चालू असताना ती मूत्रपिंडावर दुसरा घाव घालते.

आणखी एक विचारतो, आणि ते विचारण्यामागे कारण आहे. काही वर्षांपूर्वी घशाच्या कर्करोगाचे एक शेतकरी गृहस्थ माझ्याकडे होते. मॅग्नेशियम भरून झाले, सिरप चालू होते, तरी पोटॅशियम 3.1 च्या वर जाईना, आणि रक्तदाब, जो अशक्त माणसाचा उतरायला हवा, तो चढत होता. तपासताना त्यांच्या बंडीच्या खिशातून ज्येष्ठमधाच्या तीन-चार चघळलेल्या काड्या निघाल्या. शेकाने घसा सोलला म्हणून त्यांच्या पत्नीने प्रेमाने दिलेल्या, दिवसभर तोंडात. ज्येष्ठमधातील एक घटक शरीरातल्या कॉर्टिसोलला मूत्रपिंडावर अशा रीतीने काम करायला लावतो की मीठ-पाणी साठते आणि पोटॅशियम बाहेर जाते. काड्या बंद केल्यावर दोन आठवड्यांत आकडा सावरला. त्या माऊलीला किती अपराधी वाटले ते मला अजून आठवते. तिला कुणी सांगितलेच नव्हते तर तिचा काय दोष? तेव्हा वडिलांना घरी ज्येष्ठमध, कुठला काढा किंवा भस्म चालू असेल तर ते न लाजता डॉक्टरांसमोर ठेवा.

कॅल्शियम 7.8 आले म्हणून तुम्ही घाबरला आहात, पण त्यांचे अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातले एक प्रथिन, 2.8 आहे. रक्तातले कॅल्शियम बऱ्याच अंशी अल्ब्युमिनला चिकटून असते, त्यामुळे अल्ब्युमिन 4 पेक्षा जितके कमी तितक्याला 0.8 ने गुणून मिळवायचे असते. येथे ते साधारण 8.8 होते, म्हणजे ठीक. मॅग्नेशियम फारच उतरले तर कॅल्शियमही खरोखर उतरते; तोंडाभोवती मुंग्या येणे, बोटे आखडणे ही त्याची खूण. तसे होत असेल तर सांगा.

हृदय खराब झाले का, याचे उत्तर यावरून तुमच्या लक्षात आले असेल. हृदयाचा स्नायूच दुबळा करणारी केमोथेरपीची औषधे वेगळी आहेत: स्तनाच्या कर्करोगात आणि लिम्फोमात वापरले जाणारे डॉक्सोरुबिसिन, ज्याचा आयुष्यभराचा एकूण डोस मोजून ठेवावा लागतो, किंवा ट्रास्टुझुमॅब, ज्यासाठी दर तीन महिन्यांनी इको करतात. वडिलांच्या ईसीजीतला बदल स्नायूच्या इजेचा दिसत नाही. तो क्षारांचा आणि औषधांचा आहे आणि तो पुसला जातो. तुम्ही अँजिओग्राफीबद्दल विचारले आहे. छातीत दुखत नसेल तर केवळ या कागदावरून तिची गरज मला दिसत नाही. परंतु छातीत दाब किंवा कळ आली, तर मात्र ती क्षारांच्या नावावर टाकू नये, कारण सिस्प्लॅटिनने रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते. क्षारांकडे डोळ्यांत तेल घालून पाहणे आणि तरीही उपचार पूर्ण करणे शक्य असते, याचे उदाहरण म्हणून सांगतो: एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात आर्सेनिक ट्रायऑक्साईड, म्हणजे आपला जुना सोमल, औषध म्हणून शिरेतून देतात. ते क्यूटी बरेच लांबवते, म्हणून पोटॅशियम 4 च्या वर आणि मॅग्नेशियम 1.8 च्या वर ठेवण्याचा दंडक आहे, आणि तो पाळून असंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात.

केमो कायमची बंद करावी असे मला वाटत नाही. शेकासोबत सिस्प्लॅटिनचा एकूण डोस शरीराच्या दर चौरस मीटरला निदान 200 मिलिग्रॅमपर्यंत जावा असा आमचा प्रयत्न असतो. आठवड्याला 40 च्या हिशेबाने त्यांचे चार डोस, म्हणजे 160, झाले आहेत; पाचवा डोस त्यांच्यासाठी मोलाचा आहे. तो काही दिवस पुढे गेला तरी चालेल. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम जागेवर आले, यादीतली औषधे बदलली, पुन्हा काढलेल्या ईसीजीत क्यूटीसी 470 च्या खाली आले आणि क्रिएटिनिन स्थिर असले, तर मी माझ्या रुग्णाला तो डोस देईन, सलाईनमध्ये आधीपासूनच मॅग्नेशियम घालून. अंतिम निर्णय अर्थातच त्यांना समोर बसवून तपासणाऱ्या डॉक्टरांचा. शेक मात्र एक दिवसही चुकवू नका. केमो थांबली म्हणून घरचे शेकही थांबवतात, आणि तोंडाच्या कर्करोगात शेकाचे दिवस लांबले तर आजार पुन्हा उलटण्याची शक्यता वाढते.

उपचार संपल्यावरही ही गळती काही महिने चालू राहू शकते. त्यामुळे शेवटच्या डोसनंतर मॅग्नेशियम आणि पोटॅशियम आधी दर आठवड्याला, मग महिन्यातून एकदा तपासून घ्या, आणि प्रत्येक वेळी कागदावर ‘मॅग्नेशियम’ हा शब्द लिहिला आहे ना, ते रक्त देण्यापूर्वी पाहा. रात्री पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, हात थरथरू लागले, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. आणि भोवळ आली, शुद्ध हरपली किंवा छातीत विचित्र धडधड झाली तर ईसीजीचा हा कागद आणि औषधांची सगळी पिशवी घेऊन थेट तातडीच्या विभागात जा, व तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की यांचे क्यूटी लांबलेले आहे आणि सिस्प्लॅटिन चालू आहे.